नोंदवही आणि कैफियत : लुईस-क्लार्क वृत्तांत व ब्लॅक हॉकचे आत्मकथन यांचा तौलनिक विचार

१. प्रश्नाची मांडणी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन संघराज्य मिसिसिपी नदी ओलांडून पश्चिमेकडे विस्तारले. या विस्ताराने निर्माण केलेल्या विपुल वाङ्मयात दोन संहितांना विशेष स्थान आहे. कॅप्टन मेरिवेदर लुईस आणि कॅप्टन विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेचा फिलाडेल्फिया येथे १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेला वृत्तांत ही पहिली. सॉक जमातीचा योद्धा ब्लॅक हॉक याचे सिनसिनाटी येथे १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन ही दुसरी. पहिली संहिता विस्ताराच्या आरंभीची व शोध घेणाऱ्यांची आहे. दुसरी तीस वर्षांनंतरची असून ज्यांचा शोध घेतला गेला त्यांच्यापैकी एकाची, तीही पराभवानंतरची आहे.

या दोन संहितांना अभ्यासपरंपरेने वेगवेगळे दर्जे दिले आहेत. लुईस-क्लार्क वृत्तांताकडे दस्तऐवज म्हणून पाहिले जाते आणि हळूहळू त्याला राष्ट्रीय महाकाव्याचे मोलही दिले गेले. ब्लॅक हॉकच्या आत्मकथनापुढे मात्र पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रामाण्याचा : हे शब्द खरोखर त्याचे आहेत काय? दुभाष्याने किती बदलले, संपादकाने किती घातले? इलिनॉयचे माजी गव्हर्नर टॉमस फोर्ड यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात हे पुस्तक अविश्वसनीय ठरविले, आणि तेव्हापासून हा संशय या संहितेची पाठ सोडत नाही.

हा प्रश्न एकाच संहितेला विचारला जातो, याकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे. दुभाषी, संपादक व आश्रयदाती सत्ता यांची मध्यस्थी दोन्ही संहितांच्या घडणीत सारखीच मूलभूत आहे. एकीत ती झाकली गेली आहे, तर दुसरीत ती मुखपृष्ठापासूनच उघड आहे. प्रामाण्याची कसोटी लावावयाची तर ती दोहोंना लावली पाहिजे, आणि तसे केल्यावर या संहितांचे परस्परसंबंध अधिक स्पष्ट होतात.

२. वृत्तांताची घडण

या मोहिमेचा जन्मच मुळी लेखनाच्या आज्ञेतून झाला. राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी १८ जानेवारी १८०३ रोजी काँग्रेसला गुप्त संदेश पाठवून २,५०० डॉलरची मागणी केली आणि २० जून १८०३ रोजी लुईसला सविस्तर सूचनापत्र दिले. मिसुरी नदीच्या मार्गाने पॅसिफिक महासागरापर्यंत व्यापाराला उपयुक्त जलमार्ग शोधणे हा मुख्य हेतू होता. त्याचबरोबर वाटेत भेटणाऱ्या जमातींची नावे, संख्या, भाषा, परंपरा, कायदे व व्यापाराच्या गरजा नोंदवाव्यात, नोंदींच्या अनेक प्रती कराव्यात, एखादी प्रत ओलाव्याला टिकणाऱ्या भूर्जाच्या सालीवर करावी, इतक्या बारकाव्याने लेखनाचे नियमन या पत्रात आहे. ३० एप्रिल १८०३ च्या तहाने लुईझियानाचा सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा प्रदेश दीड कोटी डॉलरांना फ्रान्सकडून खरेदी झाला, तेव्हा या नोंदवहीचे स्वरूपही बदलले. परक्या भूमीची पाहणी आता विकत घेतलेल्या मालाची मोजदाद झाली. मात्र ज्यांच्या वस्त्या त्या भूमीवर होत्या त्यांना या खरेदीची वार्ता नव्हती.

१४ मे १८०४ रोजी मोहीम निघाली आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतली. या काळात दोन्ही कॅप्टनांसह ऑर्डवे, फ्लॉइड, गॅस व व्हाइटहाउस हेही नोंदी ठेवीत होते. या नोंदी एकसंध नाहीत. लुईसच्या लेखनात महिनोन्‌महिन्यांची खिंडारे आहेत, क्लार्क कित्येक ठिकाणी लुईसचा मजकूर उतरवून घेतो, आणि क्लार्कचे शुद्धलेखन तर एकाच शब्दाला अनेक रूपे देते.

यातून ग्रंथ झाला तो वेगळ्याच हातांनी. गॅसची दैनंदिनी १८०७ मध्ये पिट्सबर्ग येथील डेव्हिड मॅककीहान याने स्वतःच्या भाषेत घडवून प्रसिद्ध केली. अधिकृत वृत्तांत लुईसने लिहावयाचा होता. पण ११ ऑक्टोबर १८०९ रोजी त्याचा मृत्यू झाला. काम आले निकोलस बिडल या फिलाडेल्फियातील तरुण साहित्यप्रेमीकडे. बिडल मोहिमेत नव्हता. त्याने क्लार्कला भेटून प्रश्न विचारले, मोहिमेतील जॉर्ज शॅननची मदत घेतली आणि हस्तलिखितांतून एक सलग, डौलदार निवेदन रचले. शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून नाव आले ते पॉल ॲलनचे; बिडलचे नाव आलेच नाही.

या निवेदनाची व्याकरणिक रचना अर्थपूर्ण आहे. ग्रंथ प्रथमपुरुषी अनेकवचनात चालतो, पण त्यातील ‘आम्ही’ कॅप्टन लुईस व कॅप्टन क्लार्क यांचा उल्लेख तृतीयपुरुषात करतो. म्हणजे हा ‘आम्ही’ मोहिमेतील कोणाही एकाचा नाही. नदीकाठी न गेलेल्या संपादकाने कल्पिलेला तो सामूहिक निवेदक आहे, आणि वाचणाऱ्या राष्ट्राला त्या ‘आम्ही’त सहज सामावून जाता येते. क्लार्कचा गुलाम यॉर्क सारी वाट चालला, पण त्याला ना वेतन मिळाले ना स्वातंत्र्य. या ‘आम्ही’त त्याचे स्थान काय, हा प्रश्न निवेदन उपस्थित होऊ देत नाही. मॅन्डन लोकांच्या एका विधीचे वर्णन सभ्य वाचकांना अडचणीचे वाटेल म्हणून बिडलने ते लॅटिनमध्ये दिले. ज्यांचा तो विधी होता त्यांची भाषा, नोंद करणाऱ्यांची इंग्रजी आणि विद्वानांची लॅटिन असा हा प्रवास आहे. ब्लॅक हॉकच्या संहितेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी बहुतेक येथेही लागू पडतात. तरी ते सहसा घेतले जात नाहीत.

३. दुभाष्यांची साखळी आणि पदक

मध्यस्थी संपादनाच्या आधी, प्रत्यक्ष भेटीतच सुरू होते. ऑगस्ट १८०५ मध्ये शोशोनी लोकांशी झालेले बोलणे याचे उत्तम उदाहरण आहे. शोशोनी प्रमुखाचे शब्द साकागाविया हिदात्सा भाषेत सांगे, तिचा नवरा शार्बोनो ते फ्रेंचमध्ये आणी, आणि मोहिमेतील लाबीश ते इंग्रजीत कॅप्टनांना ऐकवी. चार भाषांतून आलेले बोलणे नोंदवहीत मात्र एका सरळ वाक्यात उतरते. साखळीतील प्रत्येक दुव्यावर काय गळले याचा माग त्या वाक्यात उरत नाही. साकागाविया ही लहानपणी शत्रूंनी पळवून नेलेली शोशोनी स्त्री. ती या साखळीतील अपरिहार्य दुवा आहे, पण तिचे स्वतःचे म्हणणे नोंदींत क्वचितच येते.

शब्दांची ही अनिश्चितता भरून काढण्यासाठी मोहिमेने विधीचा आधार घेतला. ३ ऑगस्ट १८०४ रोजी ओटो व मिसुरिया लोकांबरोबर झालेल्या पहिल्या सभेपासून त्याचा साचा ठरला : कवायत, लांबलचक भाषण, ध्वज आणि पदक. भाषणात नव्या ‘पित्या’चे आगमन जाहीर होई आणि श्रोत्यांना ‘मुले’ म्हटले जाई. पदकाच्या एका बाजूस जेफरसनचा चेहरा, दुसरीस हस्तांदोलन करणारे दोन हात. पदक देणाऱ्याच्या दृष्टीने ते सार्वभौमत्वाच्या स्वीकाराचे चिन्ह होते. घेणाऱ्याला त्यात काय दिसत होते, हे नोंदवही सांगू शकत नाही; त्यासाठी दुसऱ्या संहितेकडे वळावे लागते.

४. आत्मकथनाची घडण

ब्लॅक हॉकचा जन्म १७६७ च्या सुमारास रॉक नदी व मिसिसिपी यांच्या संगमाजवळील सॉकेनक या गावी झाला. २८ मे १८३० च्या कायद्याने मूलनिवासी जमातींना मिसिसिपीच्या पश्चिमेस हलविणे हे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सरकारचे अधिकृत धोरण बनले. एप्रिल १८३२ मध्ये ब्लॅक हॉक सुमारे हजार स्त्रीपुरुष व मुलांसह नदी ओलांडून आपल्या भूमीकडे परतला. त्यातून उद्भवलेले युद्ध २ ऑगस्ट रोजी बॅड ॲक्स येथील संहाराने संपले. कैदी म्हणून त्याला वॉशिंग्टनला जॅक्सनसमोर नेण्यात आले, काही काळ फोर्ट मन्रो येथे ठेवण्यात आले आणि नंतर पूर्वेकडील मोठी शहरे दाखविण्यात आली. तेथे त्याला पाहण्यासाठी गर्दी लोटली. परतल्यावर, १८३३ च्या शरदात, त्याने आपले जीवन सांगितले.

सांगितले ते अँटवान लक्लेअर या सरकारी दुभाष्याला. लक्लेअर फ्रेंच-कॅनेडियन पित्याचा व पोटावाटोमी वंशाच्या मातेचा पुत्र होता. १८३२ च्या ज्या तहाने सॉक व मेस्क्वाकी लोकांची नदीपलीकडील जमीनही गेली, त्याच तहाने लक्लेअरला जमीन दिली. इंग्रजी मजकूर सिद्ध केला तो जॉन पॅटरसन या तरुण पत्रकाराने. ग्रंथारंभी लक्लेअरचे प्रमाणपत्र आहे. पॅटरसनने तर ग्रंथातील तथ्ये व मते यांची जबाबदारी आपली नाही, असे आधीच सांगून ठेवले आहे. अर्पणपत्रिका आहे ती ब्लॅक हॉकला हरविणाऱ्या जनरल ॲटकिन्सनला, आणि ती सॉक भाषेतही छापलेली आहे. त्याच्या भाषेतील सलग असा एवढाच मजकूर ग्रंथात आहे. १८८२ मध्ये पॅटरसननेच काढलेल्या आवृत्तीत भाषा अधिक अलंकृत झाली आणि नवा मजकूरही शिरला. म्हणून अभ्यासासाठी पहिलीच आवृत्ती ग्राह्य मानावी लागते.

मराठी दप्तरांच्या अभ्यासकाला या रचनेसाठी एक नेमका शब्द उपलब्ध आहे : कैफियत. अधिकाऱ्यासमोर, त्याच्या कारकुनाच्या लेखणीतून, पण सांगणाऱ्याच्या हक्काच्या समर्थनार्थ उतरलेले निवेदन म्हणजे कैफियत. ती स्वेच्छेने लिहिलेले आत्मचरित्र नसते आणि निव्वळ जबानीही नसते. सत्तेने घालून दिलेल्या चौकटीत राहून सांगणारा आपला वृत्तांत रेटतो, आणि चौकटीचे शब्द आपल्या बाजूने वापरतो. आत्मचरित्राच्या युरोपीय संकल्पनेने ब्लॅक हॉकची संहिता सदोष ठरते. कैफियत म्हणून वाचली असता तिच्यातील दुभाषी, प्रमाणपत्र, अर्पणपत्रिका हे सारे त्या प्रकाराचे स्वाभाविक घटक ठरतात.

५. एकच घटना, दोन बाजू

१८०४ च्या मार्चमध्ये सेंट लुईस येथे अप्पर लुईझियानाचे हस्तांतर झाले. ९ मार्चला स्पेनची सत्ता फ्रान्सकडे आणि १० मार्चला ती संयुक्त संस्थानांकडे गेली. लुईस त्या दस्तऐवजाचा अधिकृत साक्षीदार होता. हीच घटना ब्लॅक हॉक सांगतो ती अशी : नेहमीप्रमाणे तो स्पॅनिश ‘पित्या’ला भेटावयास गेला असता शहरातील चेहरे उदास दिसले, अमेरिकन येणार असल्याचे कळले, पुढे तो आपल्या लोकांसह शेवटचा निरोप घेत असताना अमेरिकन येताना दिसले, तेव्हा ते एका दाराने आत शिरत असता सॉक मंडळी दुसऱ्या दाराने बाहेर पडली. दस्तऐवजात तीन राष्ट्रे आहेत, या प्रसंगात चौथे आहे. चौथ्याला कोणी सही करावयास सांगितले नव्हते, म्हणून कागदावर त्याचा माग नाही. निवेदनाला सत्याचा स्पर्श कोठे होतो हे अशा ठिकाणी दिसते.

दुसरा प्रसंग १८०५ चा. झेब्युलन पाइक मिसिसिपीच्या उगमाच्या शोधात सेंट लुईसहून निघाला आणि वाटेत सॉक वस्तीजवळ थांबला. त्याचा वृत्तांत १८१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोही शोधप्रवासाच्या वाङ्मयात गणला जातो. ब्लॅक हॉकच्या कथनात शोधकच पाहणीचा विषय होतो. एक तरुण अमेरिकन नायक छोट्या तुकडीसह नावेतून येतो, भेटी देतो, आपला ध्वज उभारतो, ब्रिटिश ध्वज उतरवावा व ब्रिटिश पदके परत द्यावीत अशी इच्छा व्यक्त करतो. सॉक लोक ध्वज ठेवून घेतात, पण पदके देत नाहीत. त्यांना दोन पिते हवे असतात. मागील प्रकरणात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. देणाऱ्याने जे अनन्य निष्ठेचे चिन्ह मानले, ते घेणाऱ्याच्या राजनीतीत अनेक संबंधांपैकी एक होते. दोन साम्राज्यांमधील जागेत तग धरून राहण्याची ही जाणती नीती होती. भाषणातील ‘पिता’ हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरला गेला, आणि दोन्ही बाजूंनी त्याचे अर्थ निराळे होते.

तिसरा प्रसंग सर्वांत निर्णायक आहे. ३ नोव्हेंबर १८०४ रोजी विल्यम हेन्री हॅरिसन यांनी सेंट लुईस येथे केलेल्या तहाने सॉक व मेस्क्वाकी लोकांनी मिसिसिपीच्या पूर्वेकडील अफाट प्रदेश दिल्याचे कागदोपत्री ठरले. मोबदला होता २,२३४ डॉलर ५० सेंटचा माल आणि दरसाल एक हजार डॉलरचा. ब्लॅक हॉकच्या सांगण्याप्रमाणे क्वाश्क्वामे आदी चौघे गेले होते ते अटकेतील एका सॉक माणसाच्या सुटकेसाठी. ते परतले अंगात नवे कोट आणि गळ्यात पदके घालून. तेथे बहुतेक काळ आपण मद्याच्या अमलाखाली होतो, एवढेच त्यांना सांगता आले. कैद्याला सोडले आणि लगोलग गोळी घातली. करारावर पाच जणांच्या खुणा आहेत, ब्लॅक हॉक चौघांची नावे सांगतो. अशा तफावतींवर बोट ठेवून कथन बाद करता येते. पण पाच खुणा असल्याने संपूर्ण जमातीची संमती कशी सिद्ध होते, हा प्रश्न कागदालाही विचारता येतो.

तहाच्या सातव्या कलमाने ही जमीन सरकारच्या मालकीची असेपर्यंत तेथे राहण्याची व शिकारीची मुभा दिली होती. सरकारने ती वसाहतकऱ्यांना विकली की मुभा संपणार होती, आणि १८२९ पासून ती विकली जाऊ लागली. सॉकेनकच्या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या कसलेल्या मक्याच्या शेतांभोवती कुंपणे आली. मक्याच्या काही कोंबांसाठी एका स्त्रीला मारहाण झाल्याचे ब्लॅक हॉक सांगतो. जे उचलून नेता येते तेच विकता येते, जमीन विकता येत नाही, ही त्याची भूमिका या संदर्भात वाचली पाहिजे. संदर्भातून तोडून तिला निसर्गप्रेमी सुभाषित बनविण्याची प्रथा पडली आहे. मूळ ठिकाणी मात्र ती एका विशिष्ट कराराविरुद्धचा कायदेशीर युक्तिवाद आहे.

१३ मे १८१६ रोजी सेंट लुईस येथेच झालेल्या दुसऱ्या तहाने १८०४ चा तह कायम केला, आणि त्यावर ब्लॅक हॉकची स्वतःची खूण आहे. आपण हंसाच्या पिसाच्या लेखणीला स्पर्श केला, पण त्या स्पर्शाने आपले गाव दिले जात आहे हे ठाऊक नव्हते, असे तो सांगतो. समोर बसलेल्या आयुक्तांपैकी एक होता विल्यम क्लार्क. नोंदवही लिहिणारा हात आणि तहनामा पुढे करणारा हात एकच होता. सेंट लुईसमधील इंडियन व्यवहारांचा प्रमुख अधिकारी म्हणून क्लार्कने पुढील आयुष्य काढले, आणि १८३२ मध्ये ब्लॅक हॉकच्या लोकांविरुद्ध निर्दय युद्धाची शिफारस करणारे पत्रही त्याने लिहिले. नोंदवहीतील जमातींची यादी आणि करारातील खुणांची यादी यांच्यातील सातत्य या एका व्यक्तीच्या चरित्रातच दिसते.

६. मृत्यूचे निवेदन

दोन्ही संहितांत हिंसेचे प्रसंग आहेत. २६ जुलै १८०६ रोजी लुईस व त्याच्या तीन साथीदारांची आठ पिगन तरुणांशी गाठ पडली. रात्री एकत्र मुक्काम झाला, पदक व ध्वज देण्यात आले, आणि पहाटे बंदुका व घोडे यांवरून झटापट झाली. एकाला भोसकण्यात आले, दुसऱ्याला लुईसने गोळी घातली. लुईस नोंदवितो की आपण दिलेले पदक मृताच्या गळ्यात तसेच राहू दिले, आपण कोण होतो हे त्याच्या लोकांना कळावे म्हणून. शांततेचे चिन्ह येथे मारणाऱ्याची ओळख पटविणारी खूण बनते. लुईसचे वाक्य कोरडे आहे. त्यात पश्चात्ताप नाही आणि बढाईही फारशी नाही. पण कोणत्याही संपादकीय भाष्यापेक्षा ते या मोहिमेच्या भाषेतील अंतर्विरोध अधिक उघड करते.

बॅड ॲक्सच्या प्रसंगी ब्लॅक हॉक पांढरे निशाण दाखवून ‘वॉरियर’ या आगबोटीला शरण जाण्याचा प्रयत्न करतो. बोटीवरून गोळीबार होतो. दुसऱ्या दिवशीच्या मुख्य संहाराच्या वेळी तो तेथे नव्हता. ऐकलेले तो थोडक्यात सांगतो. नदी पार करू पाहणारी स्त्रिया-मुले पाण्यात मारली गेली, हे सांगताना निवेदन लांबत नाही. नायकाच्या अनुपस्थितीचा हा तपशील त्याच्या प्रतिष्ठेला पोषक नाही, तरीही तो कथनात राहिला आहे. संपादकाने वीरकथा रचावयाची म्हणून हे पुस्तक लिहिले असते, तर हा भाग असा राहिला असता काय, हा प्रश्न प्रामाण्याच्या चर्चेत विचारात घेण्याजोगा आहे.

अर्थात ही संहिताही निःपक्षपाती नाही. सरकारशी जुळवून घेणारा प्रतिस्पर्धी नायक केओकक याचे चित्रण तिच्यात एकांगी आहे. ज्या स्त्रियांच्या शेतांसाठी संघर्ष झाला त्या स्वतः बोलत नाहीत. कैफियतीत प्रतिपक्षाला न्याय मिळत नसतो, आणि येथेही तो मिळालेला नाही.

७. समारोप

डोनाल्ड जॅक्सन या संशोधकाने १८५५ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे १९५५ मध्ये, ब्लॅक हॉकच्या आत्मकथनाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यानेच १९६२ मध्ये लुईस-क्लार्क मोहिमेचा पत्रव्यवहार संपादित केला. एकाच अभ्यासकाने एकाच साक्षेपाने दोन्हींकडे पाहिले, हे सूचक आहे. अर्नल्ड क्रुपाट यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात अशा आत्मकथनांना दोन संस्कृतींच्या संयुक्त रचना मानले आणि संशयाचे रूपांतर साहित्यप्रकाराच्या लक्षणात केले. हे प्रतिपादन मोलाचे आहे. मात्र ते अर्ध्यावर थांबते. संयुक्त रचना हे मूलनिवासींच्या आत्मकथनांचेच लक्षण नव्हे. साकागाविया, लाबीश, क्लार्क, शॅनन व बिडल यांच्या हातांतून गेलेला १८१४ चा वृत्तांतही त्याच अर्थाने संयुक्त आहे.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. बिडलचे संस्करण पडताळता येते, कारण मूळ हस्तलिखितांचा मोठा भाग फिलाडेल्फियातील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत जपला गेला. थ्वेट्स यांनी १९०४-०५ मध्ये आणि गॅरी मोल्टन यांनी १९८३ ते २००१ या काळात मूळ नोंदी प्रसिद्ध केल्या. ब्लॅक हॉकचे सॉक भाषेतील बोलणे मात्र हवेत विरले. हा फरक खरा आहे. पण तो दोन वक्त्यांच्या सत्यनिष्ठेतील फरक नाही. कोणाचे शब्द जपण्याजोगे मानले गेले, त्यातील तो फरक आहे. भूर्जाच्या सालीवर प्रत करण्याची सूचना मोहिमेच्या आधीच निघाली होती. लक्लेअरला सॉक शब्द उतरवून ठेवावयास कोणी सांगितले नाही. ज्या सत्तेने एका बाजूचे कागद जपले, तिनेच दुसऱ्या बाजूला कागदाअभावी अप्रमाण ठरविले, तर त्या निवाड्याला पुरावा म्हणता येत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात यातून निष्पन्न होणारी पद्धती साधी आहे. शोधकाचा वृत्तांत वाचताना ‘हे कोणी लिहिले’ हा प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारावा, आणि पराभूताचे कथन वाचताना ‘यात काय सांगितले आहे’ या प्रश्नाला आधी जागा द्यावी. सेंट लुईसच्या त्या दालनाला दोन दारे होती. आत येणाऱ्यांचा दस्तऐवज आणि बाहेर पडणाऱ्यांची कैफियत शेजारी ठेवल्याखेरीज त्या दिवशी तेथे काय घडले, हे पूर्णपणे वाचता येत नाही.